वजन किती उतरलं, एवढंच विचारू नका

तीव्र लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की स्वीडनच्या एका अभ्यासाचं नाव येतंच. ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’, थोडक्यात एसओएस. आज तो चिकित्सक नजरेने कसा वाचायचा ते बघू. वाचताना एक रुग्ण डोळ्यांसमोर ठेवा: कर्जत किंवा खालापूर तालुक्यातला, तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह असलेला. या भागाच्या आरोग्याचा विषय म्हटलं की आपल्याला आदिवासी वाड्यांमधलं कुपोषण आठवतं. पण खोपोलीच्या कारखान्यांत पाळ्या करणारी आणि रोज लोकलने मुंबई गाठणारी माणसंही इथलीच. लठ्ठपणा त्यांनाही चुकलेला नाही.

आधी उपचार समजून घ्या. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे खाणं कमी होतं, शिवाय भूक आणि तृप्ती ठरवणारी संप्रेरकंही बदलतात. नुसत्या डाएटने वजन उतरवलं तर शरीर भूक वाढवून ते परत मिळवायला बघतं. म्हणूनच ‘तोंडावर ताबा नाही’ असं म्हणून रुग्णाला बोल लावणं शास्त्राला धरून नाही.

आता एसओएस. अभ्यास १९८७ मध्ये सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेले २०१० जण, तुलनेसाठी २०३७ जण. मृत्यूंबद्दलचा पेपर २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. सरासरी १०.९ वर्षांत तुलना गटात १२९ मृत्यू झाले, शस्त्रक्रिया गटात १०१. वय, लिंग आणि इतर जोखमी हिशेबात धरल्यावर मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी दिसला. शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांत दगावलेले ५ जणही त्या १०१ मध्ये आहेत. निष्कर्ष भक्कम वाटतो ना? आता त्याला तीन प्रश्न विचारा.

पहिला: तुलना कोणाशी? इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. त्या काळी या शस्त्रक्रियेत मृत्यूचं प्रमाण जास्त मानलं जायचं, त्यामुळे नैतिकता समित्यांनी तशी परवानगी दिली नाही. शस्त्रक्रिया करायची की नाही हे रुग्णांनीच ठरवलं. संशोधकांनी १८ बाबी जुळवून तुलना गट निवडला, पण घरच्यांची साथ किंवा मनाची तयारी कशी जुळवणार? शिवाय तुलना गटातले उपचार एकसारखे नव्हते. कुणाला नीट सल्ला मिळाला, कुणाला जवळजवळ काहीच नाही.

म्हणून सोबत ‘स्टॅम्पीड’ हा अमेरिकी अभ्यास वाचा. त्यात मधुमेह आटोक्यात नसलेल्या १५० जणांचे गट चिठ्ठ्या टाकतात तसे पाडले होते. पाच वर्षांनी एचबीए१सी ६ टक्के किंवा त्याखाली असलेले रुग्ण: फक्त औषधं घेणाऱ्यांत ५ टक्के, बायपासवाल्यांत २९, स्लीव्हवाल्यांत २३. फरक मोठाच आहे. पण शस्त्रक्रिया करूनही दहातले सात जण त्या उद्दिष्टापर्यंत पोचले नाहीत. ‘शस्त्रक्रियेने मधुमेह बरा होतो’ अशी बातमी वाचाल तेव्हा हे आठवा.

दुसरा: कोणती शस्त्रक्रिया? एसओएसमधल्या दोन तृतीयांश रुग्णांवर झालेली जठराला पट्टी बांधण्याची जुनी पद्धत आज जवळपास बंद पडली आहे. दहा वर्षांनी बायपासवाल्यांचं वजन २५ टक्क्यांनी कमी होतं, त्या जुन्या पद्धतीत १६ टक्क्यांनी. आज सगळ्यात जास्त होणारी स्लीव्ह त्या अभ्यासात नव्हतीच. त्यामुळे ‘२९ टक्के’ हा आकडा उचलून आपल्या रुग्णाला सांगता येत नाही.

तिसरा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: शेवटपर्यंत कोण राहिलं? एसओएसमध्ये तिघं सोडून प्रत्येकजण हयात आहे की नाही हे कळलं, कारण स्वीडनमध्ये राष्ट्रीय नोंदणी पक्की आहे. आता आपला रुग्ण बघा. या शस्त्रक्रियेनंतर बी१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर लागतात. शस्त्रक्रिया मुंबईत झाली, तर प्रत्येक फेरीला कर्जतहून लोकलने जायलाच दोनेक तास, आणि दिवसाचा खाडा वेगळा. पहिल्या वर्षी वजन भराभर उतरतं, तेव्हा तो हौसेने येईल. तिसऱ्या वर्षी वजन थोडं परत चढलं, गोळ्या संपल्या, की येणं थांबेल. मग अभ्यासात उरतात ती बरी चाललेली माणसं, आणि सरासरी आपोआप छान दिसते. ज्याला रक्तक्षय झाला तो तक्त्यात नसतोच.

म्हणजे उपचार वाईट आहे का? मुळीच नाही. तीव्र लठ्ठपणात शस्त्रक्रियेचा फायदा दाखवणारा पुरावा दमदार आहे आणि योग्य रुग्णापर्यंत हा पर्याय पोचलाच पाहिजे. माझा आक्षेप एवढाच की आपण एका दिवसाच्या शस्त्रक्रियेला उपचार म्हणतो आणि पुढच्या वीस वर्षांना ‘फॉलो-अप’ म्हणून तळटीपेत ढकलतो. खोपोलीच्या कामगारासाठी खरा उपचार त्या तळटीपेतच आहे.

तुमच्यापैकी कुणी विषय शोधत असेल तर हा घ्या: एका तालुक्यातल्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी पाचव्या वर्षी किती जण तपासण्या करतात, आणि कुठे? त्याला ऑपरेशन थिएटर लागत नाही, घरोघरी जायची तयारी लागते. आणि पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा वजनाच्या आलेखाआधी त्याच्या खाली बारीक अक्षरात दिलेली, दरवर्षी उरलेल्या रुग्णांची संख्या वाचा.