नक्षीपलीकडचे खापर

कोरेगावच्या बाजारात मडके घेताना आई आधी ते वाजवून पाही, रंगरूप नंतर. आपल्या पुरातत्त्वलेखनाने नेमके उलटे केले, असे मला वाटते. ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृती (इ. स. पू. १४००–७००) आपण ओळखतो ती काळ्या नक्षीच्या तांबड्या भांड्यांवरून. पण शिरूर तालुक्यातील इनामगावला मृत बालके घराच्या जमिनीखाली पुरली, ती तोंडाला तोंड लावलेल्या साध्या करड्या कुंभांत. हे कुंभ आधी चुलीवर होते, की पुरण्यासाठीच घडवले? नक्षी इथे मुकी आहे. सच्छिद्र खापरात चरबी मुरते. ती तापली असल्यास रासायनिक खुणा उरतात. म्हणून साधे खापर धुण्याआधीच त्याचा तुकडा प्रयोगशाळेसाठी राखायला हवा. धुताना काही पुरावाही जाऊ शकतो.