मूळपुरुषाचे पहिले पान

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांची वाण कधी पडत नाही. सासवडकडून येणारा अंजिरे नाहीतर सीताफळे घेऊन येतो, बारामतीकडचा ज्वारीचे पीठ आणतो, आणि शाळेच्या वेळेआधी चहा घेऊन निघून जातो. गेल्या भाद्रपदात माझे थोरले चुलते आले ते मात्र काखेत तांबड्या फडक्यात बांधलेले दप्तर घेऊन. तलाठी म्हणून त्यांची उभी हयात गेली. दप्तर कसे बांधावे हे त्यांच्याकडून शिकावे.

दप्तरात दोन रजिस्टरे होती. आखीव कागद, मोत्यासारखे अक्षर, समासाला लाल रेघ. वर नाव, आमच्या घराण्याचा इतिहास. "दिवाळीला सगळे जमतील तेव्हा छापून वाटायचा आहे," काका म्हणाले. "प्रस्तावना तू लिही. तू कादंबऱ्या लिहितोस, तुझ्या नावाला वजन आहे." मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तरच्या नावाला किती वजन असते ते मला माहीत आहे; पण चुलत्यांना नाही कसे म्हणणार?

ती प्रस्तावना माझ्याने लिहून झाली नाही. तिच्याऐवजी हे लिहीत आहे.

काकांचा ग्रंथ वाईट आहे असे मुळीच नाही. वंशावळ चोख आहे. कुणाच्या पोटी कोण, कुठली सोयरीक, विहीर कुणी पाडली, पहिली सायकल कुणी आणली, सगळे आहे. आमचे घराणे सासवडकडच्या माळ्यांचे. पणजोबांच्या वडिलांनी बैलगाडी जुंपली आणि जेजुरी, मोरगाव करीत ते बारामतीकडे नीरेच्या कालव्यावर उतरले, ही हकीकत काकांनी इतकी सुरेख सांगितली आहे की गाडीच्या आखाचा आवाज ऐकू यावा. अडखळायला झाले ते तिसऱ्या पानावर. तिथे मूळपुरुष एका ओसाड माळावर उभे राहतात, काठी रोवतात, कुसळ आणि दगडांखेरीज तिथे काही नसते, आणि पुढच्या ओळीत ऊस डोलू लागतो. मध्ये काय झाले?

मराठीत घराण्याची कथा लिहिण्याची रीत फार जुनी आहे, आणि तिचा उगम कौतुकात नाही, तंट्यात आहे. माझ्या घरावरून पाच मिनिटे चालले की केशवराव जेध्यांच्या नावाचा चौक लागतो. वर उड्डाणपूल, खाली आता मेट्रो, आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी 'जेधे चौक'. याच आडनावाच्या, भोरजवळच्या कारीच्या देशमुखांच्या घराण्याने आपल्याला दोन अमोल कागद दिले. एक शकावली. ती लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, आणि शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया तिच्यातून पुढे आली. दुसरा करीना. इतिहाससंशोधक शकावलीला अधिक मान देतात. मी पडलो कादंबरीकार, माझा जीव करिन्यावर.

करीना म्हणजे काय? वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभेपुढे किंवा हुजुरात आपल्या घराण्याची हकीकत मुळापासून मांडायची: आम्ही कोण, वतन आमच्याकडे कसे आले, कुणी हिरावले, कुणी परत मिळवले. मराठी गद्यातली पहिली कुटुंबकथा ती हीच, असे मला वाटते. निवाडा तिच्यावर अवलंबून असल्याने तिच्यात गुळमुळीतपणा चालत नसे. जेध्यांच्या करिन्यात भाऊ भावाला मारतो. तान्ह्या कान्होजीला घरची चाकरमाणसे लपवून वाचवतात. पुढे १६५९ साली अफजलखान चालून येतो तेव्हा तोच कान्होजी पाच मुलांसह शिवाजीराजांपुढे उभा राहून वतनावर पाणी सोडतो. रक्त, कपट, निष्ठा, सारे एकाच दमात. आपल्या घरात खून झाला हे लिहिताना लिहिणाऱ्याचा हात कापत नाही, कारण ते साऱ्या खोऱ्याला ठाऊकच होते. खोटे बोलला असता तर समोरच्याने तिथल्या तिथे पकडले असते. करिन्याला प्रतिवादी होता, ही त्याची मोठी भाग्याची गोष्ट.

छापील कुलवृत्तांताला प्रतिवादी नाही. १९१४ साली आपटे घराण्याचा इतिहास निघाला आणि मग कोकणस्थ घराण्यांच्या कुलवृत्तांतांची रांग लागली. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन विदुषीने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात समाजाच्या अभ्यासाचे साधन म्हणून त्यांचे मोल दाखवून दिले, ते योग्यच आहे. एखादे घराणे कोकणातल्या गावातून निघून कुठे कुठे पांगले, कोण भिक्षुकीतून कारकुनीत गेले, हे अशा तपशिलाने दुसरीकडे सापडायचे नाही. पण वाङ्मय म्हणून वाचू लागलो की चार पानांत दम लागतो. गोत्र, कुलस्वामी, मूळपुरुष, मग आकडे लावलेले पुरुष, शिक्षण, हुद्दा, पेन्शन. बायका नवऱ्याच्या नोंदीच्या पोटात एका ओळीने येतात: माहेरचे नाव, सासरचे नाव, मुले इतकी. सगळे सज्जन, सगळे उद्योगी. इतकी सज्जन माणसे एका रक्ताची निपजली आणि कुणी कुणाचे काही बळकावले नाही, हे वाचून मी माझ्या वर्गातल्या मुलांकडे पाहतो आणि गप्प बसतो.

आम्हां शेतकऱ्यांना छापील वृत्तांत कुठले? कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी येतो, बैल दारात उभा करतो आणि तुमचे पणजे-खापरपणजे तुम्हांला म्हणून दाखवतो. धान्य द्या, कापड द्या, आजा-पणजा घ्या. इतरांचे पुरुष नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत निजलेले. पण 'आम्ही या मातीत पहिले आलो' हे सांगण्याची हौस शेतकऱ्यालाही असतेच. जुन्या महसुलात मिरासदार वेगळा आणि उपरी वेगळा. मिरासदार पिढीजात, उपरी बाहेरून येऊन कसणारा. ओसाड जमीन लागवडीला आणणाऱ्याला इस्ताव्याचा कौल मिळे, म्हणजे पहिली वर्षे सारा नाममात्र, मग वर्षावर्षाने चढत जाऊन पुरा. हे आमचे पुणेसुद्धा असेच वसलेले. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ते उद्ध्वस्त केले, गाढवाचा नांगर फिरवला, आणि पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी यांच्या वेळी सोन्याचा नांगर फिरून वस्ती झाली असे परंपरा सांगते. सोन्याचा नांगर सगळ्यांच्या स्मरणात आहे. त्या नांगरामागून ज्यांनी लोखंडी फाळाने भुई उलथली ते उपरी कोण होते, हे कुणी विचारत नाही.

असो. मला बोलायचे आहे ते नीरेच्या कालव्याबद्दल. ज्या भोरच्या डोंगरांत जेध्यांचे कारी, त्याच डोंगरांतून नीरा उतरते. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली, त्यानंतर इंग्रज सरकारने नीरेचा डावा कालवा खोदला आणि १८८५ साली त्यात पाणी सोडले. पाणी दाराशी आले, पण तिथल्या जिराईत शेतकऱ्याला ऊस नवा होता. ऊस म्हणजे वर्षभराहून अधिक काळ भांडवल अडकणे. पेंड हवी, बेणे हवे, चरक हवा, काहील हवी, चुलाणावर बसणारा जाणता गुळव्या हवा. सासवडच्या माळ्यांना बागाईत हातची येत होती. ते गाड्या जुंपून कालव्यावर गेले आणि त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या. पुढे हेच लोक आणखी कालव्यांवर पसरले, आणि १९३२ साली त्यांनी सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी ही स्वतःची कंपनी उभी केली. शेतकऱ्यांनी स्वतः साखर कारखाना काढावा हे त्या काळी अघटितच होते. त्याचा अभिमान मलाही आहे, काकांच्या इतकाच.

पण माळरान? खंडाने घेतलेली जमीन ओसाड कशी असेल? खंड घेणारा मालक तिथे होताच की. तो बाजरी करत होता, त्याची गुरे होती, त्याचा खंडोबा बांधावर होता. आमच्या मूळपुरुषांनी भुईला पाणी आणि खत देऊन तिचे सोने केले हे खरे. आणि पाण्याची हाव न आवरल्याने कालव्याकाठच्या कितीतरी जमिनी पुढे चोपण झाल्या, मिठाने फुटल्या, हेही खरे. काकांच्या ग्रंथात चोपण हा शब्द एकदाही येत नाही. तलाठ्याच्या ग्रंथात!

महात्मा फुल्यांच्या चरित्रकारांनी या बाबतीत कितीतरी मोकळेपणा दाखवला आहे. ते घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे गोऱ्हे. पणजोबांचे तिथल्या कुलकर्ण्याशी वैर झाले, त्यात कुलकर्ण्याचा खून पडला, आणि ते पुरंदरातल्या खानवडीला येऊन राहिले असे ते सांगतात. सासवडहून खानवडी काही फार लांब नाही. मूळपुरुष गाव सोडतो तो नेहमी पराक्रमासाठीच असे नव्हे, हे त्या दोन वाक्यांत कळते आणि माणूस लहान होत नाही.

कादंबरीला हे सर्वांत चांगले साधायला हवे. श्री. ना. पेंडश्यांचे 'तुंबाडचे खोत' १९८७ साली दोन खंडांत आले. जगबुडीकाठच्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांचा चढ आणि पडझड त्यांनी अशा ताकदीने उभी केली आहे की मी ते पुस्तक दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा परीक्षेचे पेपर तपासायचे राहिले. तरी एक तक्रार मनात राहते. खोताची ओटी, माजघर, देवघर सारे दिसते. ज्या कुळांच्या मक्त्यावर ते घर चालले त्यांच्या चुलीपर्यंत आपण क्वचितच पोहोचतो. रंगनाथ पठारे यांनी २०१९ साली 'सातपाटील कुलवृत्तांत' लिहिताना नावापासूनच खोडी केली. जो शब्द पांढरपेशा घराण्यांच्या छापील ग्रंथांचा, तो उचलून त्यांनी शेतकरी पाटलांच्या सात पुरुषांवर आणि सातशे वर्षांवर घातला. पुस्तक अवाढव्य आहे, ठिकठिकाणी दमवते, काही पाने इतिहासाच्या तासासारखी वाटतात. पण पूर्वज म्हणजे पुतळा नव्हे हे त्याने एकदाचे सांगून टाकले. पूर्वज भितो, पळतो, चुकतो, तडजोड करतो. माझ्या काकांनी ते वाचावे म्हणून मी त्यांना दिले. त्यांनी जाडी पाहून परत केले.

मग मी त्यांना तिसऱ्या पानाबद्दल विचारले. काका बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी दप्तरातून एक घडी घातलेला कागद काढला. फेरफाराचा उतारा. तो त्यांच्याकडे होता, रजिस्टरात नव्हता. जमीन प्रथम खंडाने. मग खंडाची रक्कम मालकाने आगाऊ उचलली, पुन्हा उचलली. मग १९१८ साल, मानमोडीची साथ, त्यात मालक गेला. त्याच्या विधवेने खरेदीखतावर अंगठा केला.

"कागद खरा आहे," काका म्हणाले. "पैसे मोजून दिलेत. एक रुपया बुडवलेला नाही."

"मग लिहा ना."

"लोक काय अर्थ काढतील?"

मला एकदम पाडवा आठवला. लहानपणी आम्ही दिवाळीला स्वारगेटहूनच गाडी पकडून गावी जात असू. बलिप्रतिपदेला सकाळी ओवाळणी झाली की आजी माझ्याकडे गुळाची एक ढेप देई आणि वस्तीच्या खालच्या अंगाच्या एका घरी पोहोचवायला सांगे. त्या घरची म्हातारी ढेप घेई, माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवी, बोलत काहीच नसे. आमचे गुऱ्हाळ केव्हाच बंद पडले होते, ऊस कारखान्याला जात होता. आजी ती ढेप बाजारातून विकत आणवी. का द्यायची, असे मी एकदा विचारले. "द्यायची असते," एवढेच आजी म्हणाली. आजी गेली आणि दोन-तीन दिवाळ्यांत ढेप जायची थांबली. कुणी थांबवली असेही नाही. ते घर कुणाचे, हे त्या उताऱ्यावरचे आडनाव वाचल्यावर मला कळले. त्या घरच्या बायका आमच्या उसात खुरपायला येत, हे मी पाहिलेले होते.

काकांच्या दोन रजिस्टरांत ही ढेप नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीने दरसाल जो करीना त्या दारी पाठवला, तो घराण्याच्या इतिहासात नाही, आणि पहिली सायकल आहे. मी काकांना सांगितले, प्रस्तावना मी लिहीन, पण तिसरे पान तुम्ही पुन्हा लिहा. उतारा घाला, अंगठा घाला, ढेप घाला. काकांनी दप्तर बांधले. गाठ मारताना त्यांचा हात जरा थरथरला, पण गाठ पक्की बसली. मी त्यांना बारामतीच्या गाडीत बसवून आलो. जाताना ते एवढेच म्हणाले, "मास्तर झालास म्हणून सगळ्यांचे पेपर तपासायचे नसतात."

पितृपक्ष गेला, दसरा गेला, त्यांचा फोन आला नाही. घरात मी अपराध्यासारखा वावरत होतो. चुलत भावांपैकी एकाने 'शहरात राहून शहाणपण शिकवतोस' असे सुनावलेसुद्धा. परवा रात्री जेवायला बसलो होतो तेव्हा फोन वाजला. काकाच होते. खुशाली नाही, काही नाही.

"ती ढेप," ते म्हणाले, "किती वजनाची असायची? पाच किलोची की दहाची? आकडा नक्की सांग. अंदाजे लिहायची मला सवय नाही."

मला वजन आठवेना. ती दोन्ही हातांनी छातीशी धरून न्यावी लागे आणि घरी परतेपर्यंत सदरा चिकट होई, एवढेच मी त्यांना सांगू शकलो.