मैदानातील गाणे व तबकडीतील गाणे

'हेवी मेटल' हे नाव कानी पडताच आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहो. ज्या घरात दिवाणखान्यात यमन किंवा पूरिया चालू असतो, त्याच घरातील मुलगा अथवा मुलगी आतल्या खोलीत कानांस यंत्र लावून या गर्जनेत तल्लीन झालेली असते; आणि वडील मंडळी 'यास संगीत तरी कसे म्हणावे?' असे पुटपुटून दार लोटून घेतात. त्या वडील मंडळींस या संगीताची दीक्षा देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या संगीताच्या रसिकांत व कलावंतांत जो एक वाद बरीच वर्षे चालला आहे, तो केवळ त्यांच्यापुरता नाही. जेथे जेथे माणूस माणसांपुढे उभा राहून गातो, तेथे तेथे तो लागू पडतो. म्हणून त्याचा परामर्श घेणे आम्हांस अवश्य वाटते.

वाद थोडक्यात असा. प्रत्यक्ष प्रयोगास गेलेल्या रसिकाने कशाची अपेक्षा धरावी? तबकडीवर ऐकले तेच, तितकेच निर्दोष, पुन्हा ऐकू यावे अशी. की त्या दिवशी त्या कलावंतांच्या कंठातून व हातून जे निघेल ते, गुणदोषांसह, ऐकावयास मिळावे अशी?

या वादास खरे तोंड फुटते ते उघड्या मैदानावरील मोठमोठ्या महोत्सवांत. जर्मनीच्या उत्तरेस, श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतात, वाकन नावाचे एक खेडे आहे. वस्ती दोनएक हजारांची. १९९० साली तेथे सहा वाद्यवृंदांनी जेमतेम आठशे श्रोत्यांपुढे आपली कला सादर केली. आज दर उन्हाळ्यात तेथे ऐंशी हजारांवर माणूस लोटतो. पावसाने शेतांचा चिखल होतो. २०२३ साली तर त्या चिखलापायी नवे प्रेक्षक आत घेणेच थांबवावे लागले. तरी गर्दीस ओहोटी नाही. आपल्या देशासही हे मैदान परके राहिलेले नाही. २०१९ साली दिल्लीचा 'ब्लडीवुड' हा वाद्यवृंद आपला ढोल घेऊन तेथे उभा राहिला. आणि खुद्द मुंबईत, २००८ च्या १ फेब्रुवारीस, 'आयर्न मेडन' या इंग्रज मंडळींनी आपल्या जगप्रवासाचा प्रारंभ वांद्रे-कुर्ला संकुलात केला, हे त्या पिढीचे मुंबईकर विसरले नसतील.

प्रयोग संपला की श्रोत्यांत चर्चा सुरू होते. गायकाचा आवाज बसला होता. अमुक गत फार जलद वाजली. ड्रमच्या गडगडाटात गिटार बुडाली. गायकाचे ओठ हालत होते, पण स्वर त्याचेच होते काय? एक म्हणतो, असा प्रयोग दहा वर्षांत झाला नाही. त्याच्याच तंबूतला दुसरा म्हणतो, पैसे फुकट गेले.

या निकालांविषयी आमची पहिली सूचना अशी की, निकाल देण्यापूर्वी आपण कोठे उभे होतो हे प्रत्येकाने आठवावे. ध्वनी हवेतून एका सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून शंभर मीटर मागे असलेल्या श्रोत्यास ड्रमवर पडलेला प्रहार डोळ्यांना दिसल्यावर जवळजवळ एक तृतीयांश सेकंदाने ऐकू येतो. मागच्यांसाठी मैदानात कर्ण्यांचे मनोरे उभारलेले असतात, व पुढून येणाऱ्या ध्वनीशी मेळ बसावा म्हणून त्यांतील आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडावा लागतो. त्यातच वारा फिरला की बारीक स्वर वाऱ्यावर जातात आणि जाड स्वरांचा घुमारा तेवढा उरतो. शिवाय महोत्सवात एक मंडळी उतरते व दुसरी चढते. मधल्या थोड्या अवकाशात तारा जोडलेल्या आहेत की नाहीत एवढेच पाहून होते. स्वरांचा खरा मेळ ध्वनियोजकास पहिल्या दोनतीन गाण्यांत, श्रोत्यांच्या देखतच, घालावा लागतो. यास्तव पहिल्या गाण्यावरून वाद्यवृंदास नापास करणारा परीक्षक पुष्कळदा वाऱ्यावर रागावलेला असतो, कलावंतावर नव्हे.

तथापि ही सबब सर्व वादास पुरत नाही. वादाचे मूळ तबकडीत आहे. रसिकाने घरी बसून जे गाणे शंभर वेळा ऐकले, ते त्याच्या मनात वेदवाक्यासारखे कायम होते. त्यातला एक स्वर इकडचा तिकडे झालेला त्यास खपत नाही. परंतु ज्या तबकडीचा तो एवढा अभिमान धरतो, ती मुळात काय होती? या संगीताचा ज्यांच्यापासून उगम मानतात त्या बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ'ची पहिली तबकडी १९७० साली निघाली. ती आदल्या वर्षी, बहुतांशी एका दिवसात, मंचावर वाजवावे तसे सर्वांनी एकत्र वाजवून मुद्रित केलेली होती. म्हणजे या संप्रदायाचा आद्य ग्रंथ हाच मुळी एका प्रत्यक्ष प्रयोगाची प्रत होय. पुढे तंत्र वाढले, एका कंठाचे दहा कंठ करता येऊ लागले, आणि प्रत मूळ होऊन बसली. प्रयोगाने तिच्यासारखे दिसावे असा हट्ट सुरू झाला.

या हट्टाचा इतिहास जुना आहे. 'जुडास प्रीस्ट' या वाद्यवृंदाने १९७९ साली 'अनलीश्ड इन द ईस्ट' हा संग्रह टोकियोतील प्रत्यक्ष प्रयोगांचे मुद्रण म्हणून प्रसिद्ध केला. त्यातील गायन इतके सफाईदार होते की, हे मंचावरचे नसून स्टुडिओतले आहे असा संशय रसिकांनी घेतला. आपले गायन स्टुडिओत पुन्हा मुद्रित करावे लागले, हे गायक रॉब हॅल्फर्ड यांनी पुढे मान्य केले. तो संग्रह आजही आवडीने ऐकला जातो, व आम्हांसही तो आवडतो. परंतु 'प्रत्यक्ष' या शब्दास त्या दिवसापासून जी शंकेची कीड लागली, ती लागलीच.

यापुढची पायरी २०२२ च्या सप्टेंबरात दिसली. अमेरिकेतील ओक्लाहोमा संस्थानात 'रॉकलाहोमा' नावाचा महोत्सव भरतो. त्यात 'फॉलिंग इन रिव्हर्स' या वाद्यवृंदाने आपला प्रयोग रद्द केला. कारण त्यांचे लॅपटॉप गहाळ झाले होते! गायकाचा घसा ठीक, वादक हजर, वाद्ये शाबूत. पण यंत्र नाही म्हणून गाणे नाही. एडी ट्रंक या जुन्याजाणत्या निवेदकांनी यावर उघड टीका केली. गायक रॉनी रॅडकी यांनी तितक्याच उघडपणे तिला उत्तर दिले. आणि पुढे कित्येक दिवस वादक व रसिक दोन तट करून भांडत राहिले.

कलावंतांची बाजू अगदीच लंगडी आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यांचे म्हणणे असे : आमचे गाणे आता केवळ चार वाद्यांचे राहिलेले नाही. त्यात यंत्रोत्पन्न स्वर आहेत, वाद्यमेळ आहे, दिव्यांचे खेळही त्याच तालास बांधलेले आहेत. ते सर्व वगळून गावे तर तुम्हीच म्हणणार की, आम्हांस अर्धे गाणे दिले. शिवाय एखादा स्वर कधी चुकलाच, तर तुमच्यापैकी शेकडो जण हातातल्या फोनवर तेवढाच मुद्रित करून जगभर हशा पिकविता. हा शेवटचा आरोप आमच्या मते सर्वांत वजनदार आहे. चूक पकडण्यासाठीच जो ऐकतो, त्याच्यापुढे कलावंत भितो; आणि भ्यालेला कलावंत यंत्राच्या आड उभा राहतो. रसिक ज्या लबाडीवर संतापतात, तिच्या पापात त्यांचाही वाटा आहे.

मग मर्यादा कोठे आखावी? आम्हांस वाटते, याचे उत्तर आपल्याकडील साध्या बैठकीत सापडेल. तंबोऱ्याची जागा पुष्कळ ठिकाणी यंत्राने घेतली. आपण थोडी कुरकुर केली, पण चालवून घेतले. मागे बसलेला शिष्य मधूनच स्वर भरतो, तेही आपण गोड मानतो. परंतु बुवा नुसते तोंड हालवीत आहेत व त्यांची तान कोठल्याशा पेटीतून निघत आहे असे कळले, तर बैठक उठून जाईल. का? साथ कोणाचीही असो. ज्याच्या नावाने आपण जमलो, तो स्वतः पणास लागलेला असला पाहिजे. त्याचा स्वर चढेल किंवा पडेल, यातील 'किंवा' खरा असला पाहिजे. तो 'किंवा' नाहीसा झाला की प्रयोग संपला. मग तबकडी व मैदान यांत फरक उरला तो चिखलाचा.

या कसोटीने पाहिले असता यंत्राची साथ घेऊनही प्रयोग किती खरा होऊ शकतो, याचे उदाहरण वाकन येथेच घडलेले आहे. फिनलंडचा 'नाइटविश' हा वाद्यवृंद आपल्या गाण्यांत ऑर्केस्ट्रा व गायकवृंद वापरतो; त्यांच्या २००४ सालच्या 'वन्स' या संग्रहात लंडनचे वादक आहेत. एवढा लवाजमा गावोगाव नेणे अशक्य, म्हणून मैदानात तो भाग मुद्रितच वाजतो. २०१२ च्या ऑक्टोबरात, दौरा ऐन मध्यावर असताना, या मंडळींची गायिका बदलली व फ्लोर यान्सेन या डच गायिका त्या जागी आल्या. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात वाकनच्या मंचावर त्यांनी जे गायले, ते 'शोटाइम, स्टोरीटाइम' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातील 'घोस्ट लव्ह स्कोअर' हे दीर्घ गीत अवश्य ऐकावे. मूळ तबकडीवर ते तार्या टुरुनेन यांनी गायलेले. यान्सेन बाईंनी त्यांची नक्कल केलेली नाही. अखेरच्या भागात तर त्या आपल्या खुल्या, भरदार आवाजाने गाणे निराळ्याच शिखरावर नेतात. मूळ गायिका श्रेष्ठ की नवी, हा तंटा रसिकांत आजही मिटलेला नाही, आणि तो मिटू नये अशी आमची इच्छा आहे. कारण तो दोन माणसांविषयीचा तंटा आहे. मागचा ऑर्केस्ट्रा यंत्रातला आहे हे ठाऊक असूनही आम्हांस फसल्यासारखे वाटत नाही, कारण त्या दिवशी त्या मंचावर जे पणास लागले होते ते बाईंचे गाणे होते, व ते त्यांचेच होते.

आता याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण घेऊ. २०२५ च्या ५ जुलैस बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानात 'ब्लॅक सॅबथ'चा अखेरचा प्रयोग झाला. दिवसभर 'मेटॅलिका', 'स्लेअर', 'पँटेरा' इत्यादी मंडळींनी हजेरी लाविली, आणि शेवटी मूळचे चौघे — ऑझी ऑस्बॉर्न, टोनी आयोमी, गीझर बटलर व बिल वॉर्ड — वीस वर्षांनी एकत्र आले. ऑस्बॉर्न यांचे वय ७६. कंपवाताने पाय गेलेले. ते काळ्या सिंहासनावर बसूनच गायले. स्वर थरथरत होता, कोठे कोठे निसटत होता. तबकडीशी ताडून पाहणाऱ्यास तेथे चुकांची भली मोठी यादी करता आली असती. आम्ही त्या मैदानावर नव्हतो. मुद्रण तेवढे पाहिले आहे. परंतु त्यात चाळीस हजार माणसे त्या निसटत्या स्वरास आपल्या स्वराचा खांदा देताना ऐकू येतात, आणि तो आवाज कोणत्याही तबकडीत नाही. त्यानंतर सतराव्या दिवशी, २२ जुलैस, ऑस्बॉर्न वारले.

यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. ही करुणा झाली, रसिकता नव्हे. वृद्धाच्या थरथरत्या स्वरास टाळ्या द्यावयाच्या, तर मग गुण आणि दोष यांत भेद तो काय राहिला? आपल्याकडे बालगंधर्व उतारवयात रंगभूमीवर उभे राहत, तेव्हाही हाच प्रश्न निघाला होता. आमचे उत्तर असे की, दोष हा गुण आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तालीम न करता, किंवा दारू पिऊन, मंचावर चढणाराही 'प्रत्यक्ष'च गातो. त्यास कोणी क्षमा करू नये. भेद असा करावा की, चूक हयगयीतून आली की सर्व बळ लावल्यावर आली. पहिली श्रोत्यांचा अपमान करते, दुसरी त्यांस विश्वासात घेते.

त्या दिवशी त्याच मंचावर बसलेल्या ऑस्बॉर्न यांच्या शेजारी टोनी आयोमी गिटार वाजवीत होते. वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली; आणि ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांस टोपणे केली, बारीक तारा घेतल्या, पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरविला. आणि त्या उतरलेल्या, जड स्वरातून या संगीतास त्याचा रंग मिळाला. ज्या संगीताचा जन्मच एका अपूर्ण हातातून झाला, त्याच्या रसिकांनी निर्दोषपणाचा हट्ट धरावा, ही गोष्ट आम्हांस विपरीत वाटते.

सबब आमचे मागणे दोघांकडेही आहे. कलावंतांनी काय मुद्रित आहे व काय नाही, हे झाकून ठेवू नये. सांगितल्याने प्रयोगाची किंमत उतरत नाही, लपविल्याने मात्र उतरते. आणि रसिकांनी हातातला फोन क्षणभर खिशात ठेवून कलावंतास चुकण्याची मोकळीक द्यावी. आतल्या खोलीतील मुलास वा मुलीस एवढी गोष्ट समजली, तर ती उद्या दिवाणखान्यातील यमनही अधिक चांगल्या कानांनी ऐकतील. आणि वडील मंडळींनीही ते लोटलेले दार एखादे दिवशी उघडून पाहावयास हरकत नाही.