'माइनक्राफ्ट'मधील दृश्यप्रयोग : गतीचा प्रश्न

'माइनक्राफ्ट' या ठोकळ्यांच्या खेळात काळ सेकंदाला २० 'टिक' या वेगाने सरकतो. पूर्वी दृश्यप्रयोगातील हलती वस्तू बहुधा अदृश्य 'आर्मर स्टँड'वर बसवून प्रत्येक टिकला पुढे न्यावी लागे. मार्च २०२३ मधील १.१९.४ आवृत्तीत 'डिस्प्ले एन्टिटी' आल्या. तेव्हापासून ठोकळ्याची अंतिम स्थिती व कालावधी दिला की मधली गती खेळच भरून काढतो. या गुळगुळीतपणालाच अनेक प्रयोगांत कौशल्य मानले जाते, ते उचित नव्हे. ही गती समवेगी असते. पडदा उघडताना अपेक्षित असलेली संथ सुरुवात तीत नसते. पूर्ण ३६० अंशांची फेरी एकदम सांगितल्यास तर ठोकळा जागचा हलतही नाही, कारण आरंभ व अंत एकच ठरतात! म्हणून जाणता रचनाकार फेरीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येकास निराळा कालावधी देतो.