दाखवायचे किती, ऐकवायचे किती : मराठी चित्रपटातील संयमाची कारागिरी

मराठी चित्रपटाविषयी लिहायला बसलेला समीक्षक बहुधा विषयापासून सुरुवात करतो. चित्रपट कशावर आहे, प्रश्न कोणता मांडला आहे, कथेचा मूळ स्रोत कोणता, हे सांगून झाले की तो अभिनयाकडे वळतो. छायालेखन, ध्वनी आणि संकलन यांच्या वाट्याला शेवटच्या परिच्छेदातली दोन विशेषणे येतात : 'नेत्रसुखद' आणि 'परिणामकारक'. आपली चित्रपटसमीक्षा नाट्यसमीक्षेच्या आणि ग्रंथपरीक्षणाच्या अंगणात वाढली, त्याचा हा परिणाम आहे. नाटकात संहिता आणि नट हेच मोठे. त्यांच्या मापाने चित्रपट मोजला की कथानक हाती लागते आणि चित्रपट निसटतो.

हे निसटणे निरुपद्रवी नाही. विषय थोर म्हणून चित्रपट थोर, असा हिशोब एकदा रूढ झाला की पुढचे दिग्दर्शकही विषयच शोधू लागतात. गाजलेल्या चित्रपटातले गाव उचलले जाते, बोली आणि दुःख उचलले जाते. ते दुःख प्रेक्षकाच्या अंगाला भिडले ते कोणत्या रीतीने, हे मात्र कोणी पाहत नाही. म्हणून या लेखात विषय मागे ठेवून रीत पुढे घेतली आहे. त्यासाठी चार चित्रपट निवडले आहेत : 'कुंकू' (१९३७), 'फँड्री' (प्रदर्शन २०१४), 'कोर्ट' (२०१४, भारतातील प्रदर्शन २०१५) आणि 'सैराट' (२०१६). मला या चौघांत एक समान कारागिरी दिसते. प्रेक्षकाची एखादी पक्की सवय हेरायची आणि नेमक्या क्षणी ती पुरवायला नकार द्यायचा.

'कुंकू'पाशी जाण्याआधी थोडे मागे जावे लागेल. जरठ-कुमारी विवाहावर गो. ब. देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. शारदेचे दुःख महाराष्ट्राने ऐकले ते पदांमधून. चाल प्रेक्षकाला करुणेपर्यंत हात धरून नेत असे. अखेर ते लग्नही टळत असे. अडतीस वर्षांनी व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी तोच विषय घेतला. आधार होता नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीचा. येथे लग्न टळत नाही. फसवून बोहल्यावर चढवलेली नीरा (शांता आपटे) वृद्ध काकासाहेबांच्या (केशवराव दाते) घरात येते आणि त्यांना पती म्हणून स्वीकारायला ठाम नकार देते.

नीरेचा हा नकार समीक्षकांनी पुष्कळ वाखाणला. त्याच चित्रपटात शांताराम यांनीही एक नकार दिला आहे, त्याकडे मात्र कमी लक्ष गेले. 'कुंकू'त गाणी आहेत, पण पार्श्वसंगीत नाही. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' प्रभातनेच १९३२ मध्ये आणला होता. पडद्याला आवाज मिळून जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि नाट्यसंगीतावर पोसलेला प्रेक्षक गाण्यासाठीच तिकीट काढत होता. अशा काळात दुःखाच्या प्रसंगी वाद्यमेळ गप्प ठेवणे हे धाडस होते. वाद्यांच्या जागी घरातले आवाज येतात. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक येते. ते घड्याळ हळूहळू काकासाहेबांच्या वयाचेच दुसरे नाव होऊन बसते.

या निर्णयाची मुळे रंगभूमीतच आहेत. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणून मराठी रंगभूमीवर वास्तववादाचा नवा प्रयोग केला आणि नाटकातल्या गाण्याला प्रसंगाच्या शिस्तीत बसवले. त्या प्रयोगातले दोघे 'कुंकू'त आहेत. संगीत देणारे केशवराव भोळे आणि काकासाहेब उभे करणारे केशवराव दाते. म्हणजे पदांची सवय लावली रंगभूमीने आणि ती सोडवायची विद्याही काही अंशी तिथूनच आली. संगीताची जाण असलेल्या माणसानेच संगीत कोठे नको हे ठरवावे, यात मला 'कुंकू'चे मोठेपण दिसते.

संगीत काढून घेतल्याने घडते काय? 'शारदा'त प्रेक्षकाची करुणा ठरलेली असते. मुलीची कीव करावी आणि म्हाताऱ्याला हसावे. 'कुंकू'त कोणाकडे कोणत्या भावनेने पाहायचे हे सांगणारे कोणी उरत नाही. त्यामुळे नीरा केविलवाणी होत नाही. तिचा संताप कोरडा आणि स्वच्छ राहतो. काकासाहेबही नुसते हास्यास्पद राहत नाहीत. आपण काय करून बसलो हे उमजत गेलेला हा माणूस शेवटी आत्महत्येपर्यंत पोचतो, तेव्हा आपण त्याच्याविषयीही काहीतरी जाणवून घेतलेले असते आणि त्याला काय नाव द्यावे ते कळत नसते. वाद्यमेळाने ते नाव सांगून टाकले असते.

'फँड्री'त नागराज मंजुळे यांनी हेरलेली सवय अधिक खोल आहे. ती कानापुरती नाही, पायांत मुरलेली आहे. कैकाडी कुटुंबातला जब्या (सोमनाथ अवघडे) शाळेत जाणारा, शालूवर जीव टाकणारा मुलगा. गावातली डुकरे धरायचे काम त्याच्या घरच्यांवर येते आणि शाळेतल्या पोरांच्या डोळ्यांदेखत त्यालाही त्या धावपळीत उतरावे लागते. डुक्कर हाताशी येते, एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागीच थिजतो. पाठोपाठ घरचे सगळे थांबतात. डुकराला राष्ट्रगीताचे बंधन नाही. ते निघून जाते.

या दृश्यातला उपरोध सर्वांच्या लक्षात आला. त्याची रचना मात्र नीट पाहण्याजोगी आहे. राष्ट्रगीत येथे पार्श्वसंगीत म्हणून येत नाही. ते दृश्यातल्या शाळेतून ऐकू येते. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत २००३ पासून चित्रपटापूर्वी राष्ट्रगीत लागते. म्हणजे हे दृश्य पाहणारा प्रेक्षक काही वेळापूर्वीच त्याच सुरांवर उभा राहून खाली बसलेला असतो. आता पडद्यावर ते पुन्हा सुरू होते आणि त्याच्यापुढे प्रश्न येतो : उठायचे की बसून राहायचे? बसून राहावे तर पडद्यावरचा फाटका माणूस उभा आहे. उठावे तर ज्या व्यवस्थेने त्याला डुकरामागे पळवले तिच्यासह उठल्यासारखे होते. कथेतल्या कोणाही पात्राने भाषण न करता 'हे राष्ट्र कोणाचे' हा प्रश्न खुर्चीतल्या माणसाच्या गुडघ्यांपर्यंत पोचतो. हाच आशय संवादातून आला असता तर प्रेक्षकाने मान डोलावली असती आणि तो मोकळा झाला असता.

त्यापुढचा भाग म्हणजे कॅमेऱ्याच्या जागेचा धडा आहे. डुकराच्या पाठलागाला गावकरी तमाशासारखे जमतात, हसतात, मोबाइलवर टिपतात. धरलेले डुक्कर बांबूला बांधून नेले जाते तेव्हा मागे शाळेची भिंत येते आणि तिच्यावर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रे असतात. कॅमेरा त्या चित्रांवर वेगळा थांबत नाही, ती ओझे वाहणाऱ्यांच्या मागे येतात आणि जातात. शेवटी डिवचून डिवचून पेटलेला जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट आपल्या दिशेने येतो. पडदा काळा होतो. इतका वेळ आपण जब्याच्या बाजूला आहोत असे मानून चाललो होतो. दिग्दर्शकाने शेवटच्या शॉटला कॅमेरा चिडवणाऱ्याच्या जागी ठेवला आणि आपणही बघ्यांत बसलो होतो हे उघड केले. या दगडाची ताकद सगळी कॅमेरा कोठे ठेवला यात आहे. तोच दगड बाजूने चित्रित केला असता तर एका मुलाचा राग दिसला असता, इतकेच.

'कोर्ट'मध्ये चैतन्य ताम्हाणे यांनी न्यायालयीन चित्रपटाची सवय मोडली. हिंदी चित्रपटाने आपल्याला टेबलावर मूठ आपटणारा वकील आणि ऐनवेळी येणारा साक्षीदार यांची चटक लावली आहे. येथे नारायण कांबळे (वीरा साथीदार) या लोकशाहिरावर खटला आहे. त्याच्या गाण्यामुळे वासुदेव पवार या सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप. मृणाल देसाई यांचा कॅमेरा दूर, बहुतेक वेळा स्थिर राहतो. एका चौकटीत न्यायाधीश, टंकलेखक, वकील आणि पुढच्या प्रकरणाची वाट पाहत बसलेली माणसे मावतात. कोणाच्या चेहऱ्याजवळ जाऊन तो आपली सहानुभूती मागत नाही.

वासुदेवच्या पत्नीची साक्ष येते तेव्हा या दूरपणाचे मोल कळते. नवऱ्याला कामावर सुरक्षेची साधने मिळत नव्हती. गटारात वायू आहे का हे पाहायला तो आधी खडा टाकी. झुरळे बाहेर आली तर उतरी. हे ती विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सपाट आवाजात सांगते. कॅमेरा जागचा हलत नाही आणि संगीत नाही. डोळ्यांत पाणी आणण्याची सोय नसल्याने प्रेक्षकाला ती माहिती माहिती म्हणूनच ऐकावी लागते आणि मग आरोपीच्या पिंजऱ्यात चुकीचा माणूस उभा आहे हे त्याचे त्यालाच उमगते. येथे भाषेचाही वाटा आहे. साक्ष लोकांच्या भाषेत आणि कायदा इंग्रजीत. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) कलमे वाचू लागतात तेव्हा ज्याच्यावर ती लागू व्हायची तो माणूस त्याच खोलीत असून त्या भाषेबाहेर उभा असतो.

शेवट तर अधिकच कठोर आहे. उन्हाळी सुटी लागते, माणसे निघून जातात, दिवे मालवले जातात. चित्रपट इथेच संपला असे वाटत असताना कॅमेरा अंधारलेल्या खोलीत बराच वेळ थांबून राहतो. मग सहलीला गेलेले न्यायाधीश दिसतात. बाकावर त्यांना डुलकी लागते, पोरे ओरडून दचकवतात, ते एकाला थप्पड लगावतात आणि पुन्हा डोळे मिटतात. निकाल आपल्याला मिळत नाही. खटल्याच्या गोष्टीत निकाल हवा ही सवय मोडल्यावरच कळते की कांबळेंसाठी खटला हीच शिक्षा आहे.

'सैराट' या मालिकेत बसत नाही, असे कोणी म्हणेल. त्याच्या पूर्वार्धात संयम शोधूनही सापडत नाही. अजय-अतुल यांचे संगीत लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाले. आर्ची आणि पर्श्याच्या प्रेमावर ते पावसासारखे कोसळते. परंतु वर सांगितलेल्या कारागिरीचा हा सर्वांत पूर्ण नमुना आहे. मागच्या तीन चित्रपटांनी बाहेर तयार असलेली सवय वापरली; 'सैराट' ती सवय स्वतःच तयार करतो. पूर्वार्धभर तो आपल्याला शिकवतो की भावना आली की संगीत येणार. हैदराबादला पोचल्यावर तो आधार कमी होत जातो. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात, आर्ची चहाला लागते. हत्या आपल्याला दाखवली जात नाही. शेजारीण बाहेर नेलेल्या लहानग्याला परत आणून सोडते, ते मूल घरात शिरते आणि ध्वनी पूर्ण बंद होतो. मूल रडते, पण रडणे ऐकू येत नाही. मग ते बाहेर चालू लागते आणि फरशीवर रक्ताची पावले उमटतात.

२०१८ च्या 'धडक' या हिंदी अवताराशी तुलना केली की फरक कळतो. तेथे नवरा आणि मूल नायिकेच्या डोळ्यांसमोर उंचावरून कोसळतात आणि तिचा चेहरा आपल्या वतीने शोक करतो. 'सैराट'मध्ये आपल्या वतीने रडणारे जाणते माणूस कोणी जिवंत ठेवलेलेच नाही. जे आहे त्याला काय झाले हे समजत नाही. समजण्याचे काम प्रेक्षकावर येऊन पडते आणि तेही पूर्ण शांततेत. कथानक नेले, शेवटही जवळपास तोच नेला, पण मागे राहिली ती रीत.

यातून एक सावधगिरीही निघते. स्थिर कॅमेरा आणि लांब शांतता ही आता महोत्सवी चित्रपटांची ओळख होऊ लागली आहे. जो प्रेक्षक संथपणाचीच अपेक्षा ठेवून येतो त्याच्यापुढे संथपणा वाढल्याने कोणतीही सवय मोडत नाही. उलट ती पुरवली जाते. संयम हा स्वतःहून गुण नव्हे. काय रोखले आहे, ते मिळेल असे कोणाला वाटत होते आणि न मिळाल्याने त्याला काय दिसले, ही तीन उत्तरे देता आली तरच ती कारागिरी. एरवी ती शैलीची नक्कल.

चारही चित्रपटांचे विषय पुन्हा समोर ठेवले तर एक गोष्ट लक्षात येते. म्हाताऱ्याशी मुलीचे लग्न, जातीने वाटून दिलेले काम, गरिबाला न कळणारा कायदा, इभ्रतीसाठी खून. या साऱ्या गोष्टी समाजात टिकल्या त्या क्रूर माणसांच्या बळावर जितक्या, तितक्याच भल्या माणसांच्या सवयीवर. पाहण्याची सवय मोडणारे तंत्र या विषयांना इतके घट्ट बसावे यात नवल नाही. आपण परीक्षणात 'ज्वलंत विषय' असे लिहून पुढे जातो तेव्हा दिग्दर्शकाने मोठ्या कष्टाने मोडलेली सवय आपण नकळत पुन्हा जोडून देत असतो. तेव्हा पुढच्या चित्रपटाविषयी लिहिताना पहिला प्रश्न थोडा बदलून पाहावा : कॅमेरा कोठे उभा होता आणि आवाज कोणी, कधी बंद केला?