गुप्तहेर : एक शब्द, दोन माणसे

'डिटेक्टिव्ह' या शब्दासाठी मराठीने 'गुप्तहेर' हा प्रतिशब्द स्वीकारला आणि तो इतका रुळला की, त्यातील विसंगती आता कुणाला जाणवतही नाही. आम्हांला मात्र ती खटकत आली आहे.

हेर हा मुळात राज्याचा किंवा सैन्याचा माणूस. 'हेरणे' म्हणजे दुसऱ्याच्या नकळत पाहून नेमके टिपणे. शिवकालातील बहिर्जी नाईक हेर. मोशेने कनान देश पाहण्यास धाडलेले बारा जण आणि यहोशवाने यरीहोकडे पाठविलेले दोघे, हेही मराठी बायबलात हेरच. हेराचे यश गुप्त राहण्यात आहे. डिटेक्टिव्हचे यश याच्या नेमके उलट : झाकलेले सर्वांसमक्ष उघडे करण्यात.

मग हा शब्द टिकला कसा? आमच्या मते, त्याचे एक कारण आमच्या रहस्यकथेतच आहे. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांचे (१९०६-१९९६) झुंजार व काळापहाड हे नायक न्यायासाठी कायद्याबाहेर वावरतात. वेशांतर आणि खोटे नाव ही त्यांची शस्त्रे. अशा नायकांवर वाढलेल्या वाचकाला 'गुप्त' हे विशेषण अस्थानी कसे वाटावे?

नांदेड-लातूरकडे हा शब्द अधिक जड होतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी राजवटीत होता. कारभाराची भाषा उर्दू. त्यामुळे 'जासूस' हा शब्द येथे परका नाही. गंमत अशी की, त्याचाच भाऊ 'जासूद' पेशवाईच्या कागदांत पत्रे पोहोचविणारा साधा निरोप्या आहे. रझाकारांच्या काळात मात्र निरोप्या आणि हेर यांतील अंतर पुसले गेले. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, त्या दिवसांत 'हा कुणाचा हेर?' हा प्रश्न जिवावर बेतणारा होता. आज त्याची जागा 'सीआयडी'ने घेतली आहे. दारात उभे राहून चार प्रश्न विचारणाऱ्यास 'तू काय सीआयडी लागून गेलास का?' असे सहज ऐकविले जाते. या थट्टेतही जुना धाक आहेच.

नवल हे की, ज्या सरकारी मराठीला आपण नेहमी हसतो, तिने हा भेद नीट ओळखला आहे. तिच्या लेखी सीआयडी म्हणजे 'गुन्हे अन्वेषण विभाग'. हेरगिरीशी जवळचे ते 'राज्य गुप्तवार्ता विभाग'. पोलीस ठाण्यातील शोध घेणाऱ्या तुकडीचे नाव तर 'गुन्हे प्रकटीकरण पथक'. गुप्त नव्हे, प्रकट!

हा केवळ कोशकारांचा वाद नव्हे. सत्य शोधणारा आणि चहाडी करणारा यांना आपण एकाच नावाने हाक मारू लागलो की, गावात खरे सांगणारा साक्षीदारही 'खबऱ्या' ठरतो आणि तोंड मिटून बसतो. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या समाजाला 'सत्यशोधक' म्हटले, तेव्हा शोधाला केवढी प्रतिष्ठा दिली! 'तपासनीस' हा जुना शब्दही आपल्याकडे आहेच. पुस्तकांच्या वेष्टनांवरून 'गुप्तहेर' हटवा, असा आमचा आग्रह नाही. मात्र लिहिताना आपण हेराविषयी बोलत आहोत की शोधकाविषयी, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. शब्द सैल झाले की न्यायही सैल होतो.