मेलेला उठतो, मग पुढं?

नेवाशात मी ज्या दुकानात केस कापतो तिथला टीव्ही कधी बंद नसतो. एरवी त्यावर डबिंगचा साउथचा पिक्चर चालू असतो. मागं एकदा कुणा पोरानं मोबाइल जोडून मार्व्हलचा सिनेमा लावला होता. इमारती कोसळत होत्या, आकाश फाटत होतं आणि शेवटी एक नायक मेला. बाकावर नंबर लावून बसलेला कॉलेजचा पोरगा म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, पुढच्या पार्टला येतोय हा परत." माझ्या गालावरचा वस्तरा न उचलता कारागीर म्हणाला, "येणारच हे म्हणल्यावर रडायचं कशाला मग?"

सुपरहिरोंच्या सिनेमाला सध्या काय झालंय, याचं इतकं नेमकं निदान मी कुठल्या परीक्षणात वाचलेलं नाही.

नेवाशाहून मल्टिप्लेक्स गाठायचं तर नगर, नाहीतर संभाजीनगर. दोन्हीकडं पन्नास-साठ किलोमीटर. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा फेरा आणि चौघांची तिकिटं हा हिशेब वर्षातून एखाद्या वेळीच जमतो. म्हणून हे सिनेमे आमच्याकडं येतात ते मोबाइलवर, हिंदीत बोलत, दोन-तीन बैठकांत तुकड्या-तुकड्यानं. सहा इंची पडद्यावर भव्यता गळून पडते. दोनशे मीटरचा राक्षस अंगठ्याएवढा होतो. हाती उरते ती फक्त गोष्ट. ती धड असेल तर पोरं शेवटपर्यंत बघतात, नसेल तर अंगठा पुढं सरकवतो. गावाकडचा प्रेक्षक भोळा असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हा अंगठा बघावा.

शिवाय नेवाशाला चमत्काराचं अप्रूप नाही. गावचं दैवत मोहिनीराज. विष्णूनं मोहिनीचं रूप घेऊन अमृत वाटलं ते इथं, अशी श्रद्धा. एका असुरानं देवांच्या पंगतीत बसून घोट घेतला, तो घशाखाली उतरण्याआधी त्याचं मुंडकं उडालं आणि अमर झालं ते फक्त मुंडकं. या गोष्टीत शक्ती किती आहे यापेक्षा ती किती काटेकोर आहे हे बघा. घोट घशापर्यंत गेला तर तेवढ्यापुरतंच अमरत्व. विज्ञानकथेचा लेखक याहून वेगळं काय करतो? तो एक अशक्य गोष्ट मान्य करायला लावतो आणि मग तिचा हिशेब चोख ठेवतो.

दुसरी गोष्ट ज्ञानेश्वरांची. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशात, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो पैस इथं उभा आहे. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. आख्यायिका अशी की भावंडं नेवाशात आली तेव्हा या सच्चिदानंदांचं प्रेत स्मशानाकडं निघालं होतं, पत्नी सती जायला निघाली होती आणि ज्ञानेश्वरांनी त्यांना उठवलं. आख्यायिका खरी की खोटी हा वाद इथं नको. कथा म्हणून तिची बांधणी बघा. मेलेला माणूस उठला, त्याचं पुढं काय झालं? तो बोरू घेऊन बसला आणि सुमारे नऊ हजार ओव्या त्यानं उतरवून घेतल्या. परत मिळालेलं आयुष्य कामाला लागलं.

माझी कसोटी एवढीच आहे. चमत्काराला मोल हवं आणि मुक्काम हवा. तो कुणाला तरी महागात पडला पाहिजे आणि कुठल्या तरी गावचा असला पाहिजे.

मराठी सिनेमाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. दादासाहेब फाळक्यांनी 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये कॅमेऱ्याच्या करामतींनी लोकांना थक्क केलं. 'कालिया मर्दन'मधला कृष्ण म्हणजे त्यांची स्वतःची लहानगी मुलगी मंदाकिनी. पुढं 'प्रभात'च्या दामले-फत्तेलालांनी 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) वैकुंठाहून विमान उतरवलं. त्या काळाच्या मानानं हा मोठाच ट्रिकसीन. पण तो आजही आठवतो तो विमानामुळं नव्हे. तुकाराम वर जातात आणि जिजाई खाली राहते, म्हणून. गौरीनं उभी केलेली ती जिजाई आख्खा सिनेमाभर चूल, पोरं आणि उधारी सांभाळत आलेली असते. नवऱ्याच्या मोक्षाची किंमत ती मोजते आणि कॅमेरा ते दाखवायला विसरत नाही.

त्याच जोडीच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये (१९४०) भिंत चालली, रेडा वेद बोलला. ज्ञानेश्वर झाले होते शाहू मोडक, जन्मानं आमच्या नगरचे. त्या सिनेमातले चमत्कार म्हणजे वादातली उत्तरं आहेत. ज्यांना तुम्ही बाहेर ठेवलंत त्यांच्यात आणि तुमच्यात आत्मा एकच, हे शास्त्री ऐकत नाहीत म्हणून रेड्याला बोलावं लागतं. चांगदेवाचा ताठा उतरावा म्हणून भिंतीला चालावं लागतं. कारण नसताना तिथं काहीच हलत नाही.

ही कसोटी हातात घेऊन हॉलिवूडकडं बघितलं की कारागिराचं म्हणणं पटतं. मार्व्हलनं २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून अकरा वर्षं एक मोठी गोष्ट धीरानं रचली आणि २०१९ च्या 'एंडगेम'मध्ये तिची किंमत मोजली. ज्याच्यापासून सुरुवात झाली तोच गेला. थिएटरात पोरं रडली ती खरी. त्यानंतर मात्र 'मल्टिव्हर्स' नावाची पळवाट सापडली. एका विश्वातला मेला तर दुसऱ्यातला आणा. 'लोगन'नं (२०१७) वुल्व्हरिनला फार सुंदर मरण दिलं होतं. २०२४ चा 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' सुरू होतो तो थेट ती कबर उकरून, आणि त्याच हाडांची हत्यारं करून मारामारी होते. विनोद म्हणून ते चटकदार आहे, मीही हसलो. पण एखाद्या कलाप्रकारानं आपल्याच शोकांतिकेची हाडं उगारून हशा मिळवावा, यातून त्याच्या तब्येतीबद्दल काय ते कळतं. 'आयर्न मॅन' झालेला नटही आता खलनायकाच्या मुखवट्याआडून परततोय.

२०२५ ची तीन उदाहरणं बघू. 'थंडरबोल्ट्स'मध्ये खलनायक म्हणजे एका खचलेल्या तरुणाच्या मनातली पोकळी. तिला ठोसे चालत नाहीत, शेवटी त्याला मिठीच मारावी लागते. मला तो सिनेमा आवडला. 'फँटास्टिक फोर' अर्ध्यापर्यंत फार उंच जातो. पृथ्वी वाचवायची तर तुमचं तान्हं पोर द्या, अशी मागणी येते आणि आईबाप नाही म्हणतात. जग त्यांच्यावर चिडतं. केवढा पेच! पण शेवटी आई मरते, आणि ते पोर इवल्या हातानं तिला पुन्हा उठवतं. पेच संपला, कुणाचंच काही गेलं नाही. जेम्स गनचा 'सुपरमॅन' पात्रांच्या गर्दीनं गुदमरतो, तरी त्याची सुरुवात मनात राहते. जगातला सगळ्यात बलवान माणूस मार खाऊन बर्फात पडलाय, शीळ घालून कुत्र्याला बोलावतोय आणि कुत्रं त्याला ओढत घरी नेतंय. त्याचे शेतकरी आईबाप फोनवर बोलतात तेव्हा तो सिनेमा एकदम आपल्या ओळखीचा होतो. मुक्काम लागतो तो असा. विज्ञानपटांत डेनी व्हिलनव्हचा 'ड्यून : पार्ट टू' या सगळ्यांच्या वर. नायक प्रेषित होतो, जिंकतो, आणि जिचं त्याच्यावर प्रेम आहे ती चानी पाठ फिरवून वाळवंटात निघून जाते. पुन्हा जिजाई आठवते.

आपल्याकडं सध्या पुराणांची लाट आहे. 'कल्की २८९८ एडी'मध्ये (२०२४) वाळवंटातल्या गाड्या आणि पोलादी बुरूज बाहेरून उसने आणल्यासारखे वाटतात. अमिताभचा अश्वत्थामा पडद्यावर आला की मात्र सिनेमा जागा होतो. कारण साधं आहे. कपाळावरची जखम घेऊन मरण न येणं हा शाप आहे, आणि तो या मातीतला आहे. त्याच वर्षीचा 'हनु-मान' पैशानं लहान, पण त्यातला नियम पक्का. अंजनाद्री नावाच्या गावातल्या पोराला सापडलेल्या मण्याची ताकद उन्हातच चालते. दिवस मावळला की तो पुन्हा साधा पोरगा. शत्रूला हे कळलं की काय होईल, हे प्रेक्षकाला आधीच दिसायला लागतं. 'महावतार नरसिंह' (२०२५) हा अॅनिमेशनपट इतका चालला याचं नवल वाटायला नको. ना दिवसा, ना रात्री, ना घरात, ना बाहेर, या अटींच्या फटीतून मार्ग काढणारी कथा पटकथाकाराचं निम्मं काम आधीच करून ठेवते.

माझ्या लेखी या सगळ्यांत सरस ठरतो मल्याळम 'मिन्नल मुरली' (२०२१). एकाच रात्री वीज दोघांवर पडते. एक शिंपी, दुसरा चहाच्या टपरीवर राबणारा, गावानं वेडा ठरवलेला शिबू. दोघांना शक्ती सारखीच. एकाला गाव जवळ करतं, दुसऱ्याला हाकलतं, आणि खलनायक जन्माला घालणारं गावच असतं. अशा दोन-चार टपऱ्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असतात. तिथला शिबू आपल्याही ओळखीचा असतो. 'लोका : चॅप्टर १ – चंद्रा'नं (२०२५) केरळातल्या नीली यक्षिणीला आजच्या शहरात आणून तेच सिद्ध केलं. आजीनं भीती घालायला सांगितलेली गोष्ट हाच मल्याळम सिनेमाचा खजिना आहे.

आणि मराठी? प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. 'बाजी'नं (२०१५) नायकाला मुखवटा चढवला, पण त्यामागच्या माणसाची ओळख पटली नाही. 'फुंतरू'त (२०१६) इंजिनिअरिंगचा पोरगा आवडत्या मुलीची प्रकाशप्रतिमा तयार करतो. कल्पना काळाच्या पुढची होती. आज माणसं यंत्राशी प्रेमानं गप्पा मारतात तेव्हा तो सिनेमा पुन्हा बघावा. आदित्य सरपोतदारच्या 'झोंबिवली'त (२०२२) डोंबिवलीचे टॉवर, शेजारची झोपडपट्टी आणि बाटलीबंद पाणी यांचा धागा झकास जुळला होता, उत्तरार्धात तो आरडाओरड्यात हरवला. त्याच दिग्दर्शकानं कोकणातला मुंज्या २०२४ मध्ये पडद्यावर आणला आणि तो देशभर चालला, पण हिंदीतून. नागपूरच्या आरती कडवचा 'कार्गो'ही हिंदीच. त्यात पुष्पक नावाच्या यानावर प्रहस्थ नावाचा राक्षस एकट्यानं नोकरी करतो. मेलेली माणसं येतात, त्यांच्या आठवणी पुसायच्या आणि पुढच्या जन्माला धाडायचं. यानातली यंत्रं जुन्या सरकारी कचेरीतल्या सामानासारखी दिसतात. पैसा कमी होता, तो दोष न राहता त्याची शैली झाली.

म्हणून "आपल्याकडं तेवढं बजेट नाही" ही सबब मला पटत नाही. 'गॉडझिला मायनस वन' या जपानी सिनेमाला २०२४ साली दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं. त्यावर काम करणारे कलाकार होते अवघे ३५. आपलं अडतं ते लेखनाच्या टेबलावर. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली, नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. तेव्हापासून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी मराठीत विज्ञानकथेची आख्खी फळी उभी केली. नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी तर माणसाहून शहाण्या यंत्राबद्दलची. आजच्या एआयच्या वादात ती जशीच्या तशी भिडते. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, श्रद्धांजलीचे लेख ढिगानं आले. या कादंबरीचा मोठा सिनेमा अजून व्हायचाच आहे.

त्या कादंबरीत जमिनीखालून एक जुनी संस्कृती वर येते. नेवाशाला हे नवं नाही. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी प्रवरेकाठी इथं उत्खनन केलं आणि थराखाली थर उलगडत अश्मयुगापर्यंत पोचले. पटकथेचा पहिला प्रसंग आमच्या टेकाडावर तयार आहे, सेट लावायचीसुद्धा गरज नाही.

अलीकडं एकच मराठी सिनेमा या कसोटीला पुरता उतरला आणि गंमत म्हणजे त्याला कुणी सुपरहिरोपट म्हटलं नाही. सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' (२०२५). दृष्टी अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी बाबुली मेस्त्री. कोकणातल्या डोंगरावर खाणवाल्यांचा डोळा. बाबुलीजवळ उडण्याची ताकद नाही, लेसर नाही. आहे ती आयुष्यभर वठवलेली सोंगं. ती तो अंगावर चढवतो आणि अन्यायासमोर उभा राहतो. बाबुली झालेले दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडल्यावर हे करतात. पोटचं माणूस गमावल्याशिवाय बाबुलीत हा अवतार संचारत नाही, आणि गमावलेलं माणूस परत येत नाही. मोल चुकतं झालं, मुक्कामही आपला. शेवटाकडं सिनेमा लांबतो, पार्श्वसंगीत कान किटवतं, तरी थिएटरं भरली. प्रेक्षकाला काय हवंय ते तिकीटबारीनं सांगितलंय.

तेव्हा मराठी निर्मात्यांना सांगणं एवढंच. उडणारा माणूस हवा तर उडवा, आमची हरकत नाही. पण तो उडाल्यावर खाली कोण राहिलं तेही दाखवा. आणि मेलेल्याला उठवायचंच असेल, तर आमच्या गावात त्याची एक जुनी रीत आहे. उठल्याबरोबर त्याला कामाला बसवा.